जुन्या गाडीचे ब्रेक : पॅड बदलण्याआधी काय काय तपासायचं

‘एकाच मालकाची, डॉक्टरांनी वापरलेली, १४ वर्षांत फक्त ४०,००० किलोमीटर.’ पुण्यात जुनी गाडी शोधायला लागलात की ही जाहिरात भेटतेच. इंजिनाच्या दृष्टीने हा आकडा आनंदाचा असेलही. ब्रेकच्या बाबतीत मात्र तो फसवतो.

ब्रेकमध्ये दोन जातींचे भाग असतात. पॅड (डिस्कला दाबणारे), लायनर (ड्रमला आतून घासणारे), डिस्क आणि ड्रम किलोमीटरवर झिजतात. ब्रेक ऑइल, रबरी सील, होज पाइप आणि हँडब्रेकची केबल वर्षांवर म्हातारी होतात, मग गाडी रोज हिंजवडीला जाऊ दे नाहीतर सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हरखाली झोपू दे. जुन्या गाडीत दगा देतात ते बहुधा दुसऱ्या जातीचे भाग. आणि गॅरेजमध्ये ‘ब्रेक लागत नाही’ एवढंच सांगितलं, तर बदलले जातात पहिल्या जातीचे. पॅड नवे, बिल भरलेलं, पेडल मात्र होतं तसंच.

पुढे डिस्क आणि मागे ड्रम असलेल्या साध्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलं आहे : मारुती ८००, झेन, अल्टो, सँट्रो, पिंपरीत बनलेली इंडिका, पहिल्या पिढीची स्विफ्ट. भारतात एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं अडकू न देणारी यंत्रणा) नव्या मॉडेलना एप्रिल २०१८ पासून आणि सगळ्या नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून सक्तीचं झालं. त्यामुळे यातल्या बहुतेक गाड्यांत ते नसतंच. तुमच्या गाडीत असेल, तर खाली जिथे वेगळं वागायचं आहे तिथे तसं सांगितलं आहे.

## आधी हे जमवा

नुसती तपासणी करायची असेल तर बॅटरी (टॉर्च), जॅक, चाकपाना आणि चाकांखाली लावायला लाकडी ठोकळे एवढं पुरे. चाक काढून आत बघायचं असेल तर त्यात भर घाला :

- जॅक स्टँड, म्हणजे घोड्या, २. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हात घालायचा नाही. विटा रचून तर नाहीच, वीट अचानक फुटते.
- रिंग पाने. ब्रेकच्या निपलला (ऑइल बाहेर सोडायची छोटी तोटी) बहुधा ८ किंवा १० मिमीचा लागतो.
- जाडी मोजायला व्हर्निअर कॅलिपर, वायर ब्रश, पिस्टन आत ढकलायला सी-क्लॅम्प.
- ब्रेक क्लीनरचा स्प्रे आणि ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस.
- पारदर्शक प्लास्टिकची नळी, पाण्याची रिकामी बाटली, मोठी सिरिंज.
- ब्रेक ऑइलचे सीलबंद डबे, मिळून १ लिटर. ऑइल पूर्ण बदलायला एवढं पुरतं.
- मास्क. जुन्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असू शकतं. ड्रममधली धूळ तोंडाने किंवा हवेच्या पाइपने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

कागदांपैकी आरसीची प्रत (सुटा भाग घेताना चॅसिस क्रमांक आणि उत्पादनाचा महिना-वर्ष लागतं), गाडीचं मॅन्युअल आणि आधीच्या मालकाकडची बिलं. ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं हे बिलांत सापडलं नाही, तर ते कधीच बदललेलं नाही असं धरून चाला.

## १. गाडी सुरू करण्याआधी बॉनेट उघडा

मास्टर सिलिंडर पेडलचा जोर ऑइलच्या दाबात बदलतो. त्याच्यावरच्या अर्धपारदर्शक डबीत पातळी ‘मिन’ आणि ‘मॅक्स’ या दोन रेषांच्या मध्ये हवी. नवं ऑइल फिकट पिवळं असतं. अमृततुल्यच्या चहासारखं दिसत असेल, तर ते बदलायचं आहे, बाकी सगळं ठीक असलं तरीही.

पातळी कमी दिसली म्हणून लगेच वर भरू नका. पॅड झिजले की त्यांना ढकलणारे पिस्टन बाहेर येतात आणि त्यांच्यामागे ऑइल जातं. म्हणजे पातळी थोडी उतरणं स्वाभाविक आहे. ती ‘मॅक्स’पर्यंत भरून ठेवली, की नवे पॅड बसवताना पिस्टन आत ढकलल्यावर तेच ऑइल डबीतून ओसंडतं आणि रंग खातं. सांडलंच तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाणी ओता.

पॅड जाड आहेत आणि तरी पातळी उतरते आहे, याचा अर्थ गळती. चारही चाकांच्या आतली बाजू, मागच्या ड्रमच्या खालची कड, होज पाइपचे सांधे बॅटरीने बघा. कुठेच ओल दिसत नसेल तर मास्टर सिलिंडर आणि बूस्टर (इंजिनाच्या व्हॅक्यूमने पेडलला जोर देणारा डबा) यांच्या सांध्याखाली बोट फिरवा. मागचं सील गेलं की ऑइल बूस्टरच्या पोटात जमतं, बाहेर एक थेंब दिसत नाही.

## २. पेडलची परीक्षा

ही दहा मिनिटं सगळ्यात मोलाची. गाडी सपाट जागी, पहिल्या गिअरमध्ये, चाकांना ठोकळे.

आधी इंजिन बंद ठेवून. पेडल ५–६ वेळा दाबा, म्हणजे बूस्टरमधला उरलेला व्हॅक्यूम संपेल. आता सावकाश दाबून बघा. पेडल थोडं जाऊन ठाम थांबायला हवं. ते स्पंजासारखं दबत असेल तर लाइनमध्ये हवा आहे किंवा जुने होज पाइप दाबाने फुगताहेत. मदतनिसाला पेडल जोरात दाबायला सांगून होज हातात धरा, फुगणारा होज बोटांना कळतो.

पहिल्या दाबाला खोल, दुसऱ्या-तिसऱ्याला वर येऊन घट्ट. हा प्रकार जुन्या गाड्यांत फार. याचा अर्थ बहुतेकदा मागचे लायनर ड्रमपासून लांब गेलेत. ड्रममधला आपोआप ताणणारा ॲडजस्टर गंजून अडकलेला असतो, त्यामुळे पहिला दाब अंतर भरण्यातच जातो. इथे नवे पॅड किंवा नवा मास्टर सिलिंडर काही कामाचा नाही. मागचे ड्रम काढून ॲडजस्टर साफ केला की पेडल वर येतं. वर येऊनही ते मऊच राहिलं, तर मात्र लाइनमध्ये हवा आहे.

दाबून धरल्यावर हळूहळू खाली जातं. अर्धा मिनिट सारख्या जोराने धरून ठेवा. बाहेर कुठेही गळती नाही आणि पेडल जमिनीकडे सरकतंय, म्हणजे मास्टर सिलिंडरच्या आतली सील ऑइल मागे सोडताहेत. सिग्नलला उभं असताना पाय नकळत खाली जात असेल तर तोच हा. जोरात दाबल्यावर हा दोष कधीकधी लपतो, म्हणून हलक्या दाबानेही बघा. असा दोष सापडल्यावर गाडी गॅरेजपर्यंतही चालवत नेऊ नये, टो करून न्यावी.

मास्टर सिलिंडरची नुसती किट (नव्या सीलचा संच) टाकायची की पूर्ण नवा घ्यायचा? आतली भिंत गुळगुळीत असेल तर किट चालते. पण १२–१५ वर्षांच्या सिलिंडरमध्ये गंजाचे खड्डे असतात आणि नवं रबर त्यावर काही महिन्यांत फाटतं. पूर्ण नवा घेतलेला बरा.

दगडासारखं घट्ट पेडल, गाडी थांबत नाही. बूस्टर तपासा. इंजिन बंद, गिअर आता न्यूट्रलमध्ये, पेडल ५–६ वेळा दाबून मग दाबूनच धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल पायाखाली थोडं खाली गेलं तर बूस्टर काम करतोय. दुसरी चाचणी : इंजिन दोन मिनिटं चालवून बंद करा आणि पेडल थांबून थांबून तीनदा दाबा. दर वेळी ते थोडं वर थांबायला हवं. पहिल्यापासूनच घट्ट असेल तर व्हॅक्यूम टिकत नाही. बूस्टर बदलण्याआधी इंजिनाकडून येणारी रबरी नळी आणि तिच्यातला एकेरी व्हॉल्व्ह बघा. नळी वाळून चिरते, क्लिपपाशी सैल होते, आणि तिची किंमत बूस्टरच्या किमतीपुढे काहीच नाही. डिझेल गाडीत व्हॅक्यूम वेगळ्या पंपातून येतो. बऱ्याच जुन्या डिझेल गाड्यांत तो अल्टरनेटरच्या मागे बसवलेला असतो. अल्टरनेटर दुरुस्त करून आणल्यावर ब्रेक घट्ट झाला, तर आधी तिथे बघायचं.

## ३. रस्त्यावर काय जाणवतं

परीक्षा रविवारी पहाटे, रिकाम्या सरळ रस्त्यावर, ३०–४० च्या वेगाने. आधी चारही टायरमधली हवा सारखी करून घ्या, नाहीतर टायरचा दोष ब्रेकच्या माथी बसतो.

*एका बाजूला ओढते.* गाडी ज्या बाजूला ओढते त्या बाजूचा ब्रेक चांगला असतो, दोष विरुद्ध बाजूला. डावीकडे ओढली तर उजवा कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) अडकलाय, किंवा त्याच्या पॅडवर ऑइल-ग्रीस लागलंय. पाय उचलल्यावरही ओढत असेल तर उलटं : त्याच बाजूचा ब्रेक चिकटलेला आहे.

*थरथर.* स्टिअरिंग हलत असेल तर पुढच्या डिस्क, सीट हलत असेल तर मागचे ड्रम. डिस्क वाकडी झाली असं सगळे म्हणतात. बहुतेक वेळा तिची जाडी जागोजाग कमीजास्त झालेली असते, किंवा हब (डिस्क आणि चाक ज्यावर बसतात तो भाग) आणि डिस्कच्या मध्ये गंजाचा पापुद्रा राहिलेला असतो. नवी डिस्क गंजक्या हबवर बसवली तर काही दिवसांत तीही थरथरते. म्हणून हबचा चेहरा वायर ब्रशने उघडा धातू दिसेपर्यंत घासून घ्यायचा.

*आवाज.* पावसाच्या रात्रीनंतर सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकना खरखर येते आणि जाते, तो डिस्कवरचा गंज. त्याची काळजी नको. सतत बारीक किंचाळी येत असेल तर पॅडची झीज सांगणारी पत्ती घासत असू शकते. लोखंडावर लोखंड घासल्याचा जाड आवाज म्हणजे गाडी तिथेच थांबवायची.

*चाक तापतं.* हा दोष लोक सगळ्यात उशिरा ओळखतात, कारण गाडी थांबत असते. फक्त पेट्रोल जास्त लागतं आणि एका चाकाशी जळका वास येतो. कमी ब्रेक वापरून १०–१५ मिनिटं चालवा, मग हाताची पाठ प्रत्येक चाकाच्या जवळ न्या (रिमला चिकटवू नका, चटका बसेल). एक चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम असेल तर ते उचला आणि हाताने फिरवा. जड फिरत असेल तर त्या चाकाच्या ब्रेकचं निपल जरासं सैल करून थोडं ऑइल बाहेर येऊ द्या.

चाक लगेच मोकळं झालं? मग ऑइलचा दाब अडकून राहिला होता. दोषी बहुधा होज पाइप. जुना होज आतून सुजतो, पेडल दाबल्यावर ऑइल जोराने जातं, पण परत येत नाही. बाहेरून तो अगदी नव्यासारखा दिसतो, म्हणून हा दोष गॅरेजमध्येही वारंवार सुटतो आणि विनाकारण कॅलिपर बदलला जातो. चाक मोकळं झालं नाही तर मात्र दोष यांत्रिक : पुढे असेल तर कॅलिपरचा पिस्टन किंवा सुकलेल्या स्लाइड पिना (ज्यांवर कॅलिपर सरकतो त्या), मागे असेल तर हँडब्रेकची गंजलेली केबल.

## ४. चाक काढून आत

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धी आटी सैल करा, मग उचला. मागचं चाक काढताना हँडब्रेक सोडलेला हवा, म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे.

पुढे. पॅडचं घर्षणाचं अस्तर (मागची लोखंडी पट्टी सोडून) ३ मिमीवर आलं की बदला. आतला आणि बाहेरचा, दोन्ही पॅड बघा. बाहेरचा खिडकीतून दिसतो, आतला दिसत नाही, आणि स्लाइड पिना सुकल्या की नेमका आतलाच संपतो. पिना बाहेर काढून साफ करून सिलिकॉन ग्रीस लावणं हे पाच मिनिटांचं काम आहे. पॅड बदलणाऱ्यांतले बरेच जण ते करतच नाहीत, म्हणून तुम्ही उभं राहून करून घ्या.

डिस्कच्या कडेला किंवा टोपीवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. व्हर्निअरने मोजा, पण कडेला उरलेल्या ओठावर नाही, जिथे पॅड घासतो तिथे. लेथवर डिस्क मारून घ्यायची असेल तर मारल्यानंतरही ती त्या आकड्याच्या वर राहायला हवी. जुन्या गाडीच्या डिस्क आधी एकदा मारलेल्या असतात. त्यांत पुन्हा मारण्याजोगं फारसं उरत नाही.

पिस्टन आत ढकलताना आधी निपल उघडा, जुनं ऑइल नळीतून बाटलीत जाऊ द्या, पिस्टन तळाला गेला की ढकलणं चालू असतानाच निपल बंद करा. सगळ्यात घाणेरडं ऑइल कॅलिपरमध्ये असतं. ते उलटं वर ढकलायचं नाही, एबीएस असेल तर मुळीच नाही. कॅलिपर होजवर लोंबकळत ठेवू नका, तारेने बांधा.

मागे. ड्रम अडकला असेल तर हातोड्याने कडेवर मारू नका, कड तुटते. पुष्कळ ड्रमना बोल्ट लावण्यासाठी दोन आटीची छिद्रं असतात. त्यांत बोल्ट आलटून पालटून आवळले की ड्रम सुटतो. आत काय बघायचं : लायनरचं अस्तर १.५–२ मिमीच्या खाली गेलंय का, ड्रमचा आतला व्यास कोरलेल्या कमाल आकड्याच्या आत आहे का, आणि व्हील सिलिंडरच्या (लायनर बाहेर ढकलणारा) रबरी टोप्या. टोपीची कड नखाने जराशी उचला. आत ओल असेल तर सिलिंडर बदला.

ऑइल पिऊन बसलेले लायनर पेट्रोलने धुऊन, पॉलिश पेपर मारून परत बसवले जातात. दोन दिवस चालतात. मग गरम झाल्यावर आतलं ऑइल पृष्ठभागावर येतं आणि ते चाक पुन्हा लागेनासं होतं. लायनर, पॅड, डिस्क, काहीही असो, डावं-उजवं जोडीनेच बदलायचं.

एका वेळी एकाच बाजूचा ड्रम सोडा, स्प्रिंगा कुठून कुठे जातात ते विसरलात तर दुसरी बाजू नमुन्याला असते. मोबाइलवर फोटोही काढा. दातेरी चाकाचे ॲडजस्टर डावे-उजवे वेगळे असतात, बऱ्याच गाड्यांत त्यांच्या आट्या उलट असतात. अदलाबदल झाली की लायनर जवळ येण्याऐवजी लांब जातात.

हँडब्रेक सर्वांत शेवटी. आधी ड्रमच्या आतलं अंतर बरोबर करायचं, मगच केबल. उलट केलं, म्हणजे आत ढिलं ठेवून नुसती केबल ताणली, की ॲडजस्टर कामच करत नाही आणि पेडल खोल जातं. लिव्हर साधारण ५ ते ८ टिकटिकीत पक्का बसावा. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो.

## ५. ब्रेक ऑइल बदलणं, म्हणजेच ‘एअर काढणं’

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, आणि पाण्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. डॉट ३ दर्जाचं ऑइल ताजं असताना किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळतं, पाणी शोषलेलं १४० ला. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. सपाट रस्त्यावर हा फरक कळत नाही. घाट उतरताना कॅलिपर तापला की ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दबते, आणि पेडल जमिनीला लागतं. गाडी थंड झाली की पेडल परत ठणठणीत, म्हणून मेकॅनिकला दोष सापडत नाही. दर २ वर्षांनी ऑइल बदलायचं ते यासाठी.

डबीच्या झाकणावर जो दर्जा लिहिलाय तोच घ्या. डॉट ३ च्या जागी डॉट ४ चालतं. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही. डॉट ५.१ मात्र ३-४ च्याच जातीचं, नावावरून गोंधळू नका. उघडून महिनोन् महिने ठेवलेला डबा वापरू नका.

क्रम मॅन्युअलमध्ये बघा. साधा नियम म्हणजे मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचं चाक आधी. आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाड्यांत बहुधा मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं.

आदल्या रात्री चारही निपलांवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. १५ वर्षं न उघडलेलं निपल घाईने फिरवलं तर तुटतं आणि पूर्ण कॅलिपर किंवा व्हील सिलिंडर गळ्यात पडतो. दुसऱ्या दिवशी डबीतलं जुनं ऑइल सिरिंजने ओढून नवं भरा. निपलला नळी लावा, तिचं टोक बाटलीत थोड्या ऑइलमध्ये बुडालेलं असू द्या. मग मदतनीस आणि तुम्ही : तो ‘दाबलं’ म्हणेल, तुम्ही निपल पाव फेरी उघडायचं, पेडल खाली गेलं की बंद करायचं, मगच ‘सोड’ म्हणायचं. हा क्रम चुकला की नळीतून हवा आत जाते आणि तासभर मेहनत वाढते. नळीत फिकट, बुडबुडा नसलेलं ऑइल येईपर्यंत करत राहा. दर ५–६ दाबांनी डबी बघा. ती रिकामी पडली तर सगळं पहिल्यापासून.

जुन्या गाडीत इथे एक खाचखळगा आहे. रोजच्या वापरात पेडल अर्धंच जातं, त्यामुळे मास्टर सिलिंडरच्या पुढच्या अर्ध्या भागात वर्षानुवर्षं गंज आणि गाळ साचतो. एअर काढताना पेडल पूर्ण तळाला नेलं की सील त्या खरबरीत भागावरून घासतात आणि दुसऱ्या दिवशी मास्टर सिलिंडर गेलेला असतो. पेडलखाली लाकडाचा तुकडा ठेवा, म्हणजे ते तळाला जाणारच नाही.

ब्रेकच्या रबराला पेट्रोल, रॉकेल, इंजिन ऑइल किंवा साधं ग्रीस लागू द्यायचं नाही, ते सुजतं. कोणी चुकून डबीत इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं ऑइल ओतलं असेल, तर नुसतं धुऊन भागत नाही. सगळी सील, सिलिंडर आणि होज बदलावे लागतात. एबीएस युनिटमध्ये हवा गेली असेल तर स्कॅनर लावून पंप चालवावा लागतो, ते घरी होत नाही. काढलेलं ऑइल गटारात ओतू नका, गॅरेजच्या जुन्या ऑइलच्या पिंपात द्या.

## ६. सुटे भाग

नाना पेठेत गाड्यांच्या सुट्या भागांची दुकानं ओळीने आहेत. बंद पडलेल्या मॉडेलचा भाग कंपनीच्या काउंटरवर मिळाला नाही तरी तिथे मिळण्याची शक्यता असते. जुना भाग सोबत न्या. एकाच मॉडेलला मधल्या काळात दोन वेगळ्या कंपन्यांचे कॅलिपर लागलेले असतात, आणि पॅड दिसायला सारखे पण ‘कानां’ना वेगळे निघतात. पक्कं बिल मागा आणि ‘बसलं नाही तर परत घ्याल ना?’ हे पैसे देण्याआधी विचारा. खोक्यावर छापील किंमत, बॅच क्रमांक आणि उत्पादनाचा महिना हवा. होज आणि सील घेताना तारीख विशेष बघा, दुकानात पडून राहिलेलं रबरही म्हातारं होतं.

वापरलेला कॅलिपर एक वेळ घेता येतो, नवी किट टाकून. वापरलेला होज, मास्टर सिलिंडर किंवा लायनर कधीही नाही.

## ७. गॅरेजमध्ये

‘ब्रेक बघा’ म्हणू नका. ‘पेडल पहिल्यांदा खोल जातं, दोनदा दाबल्यावर वर येतं’ असं सांगा. कुठे, किती वेगात, गरम असताना की थंड, हेही. जॉब कार्डवर हीच वाक्यं लिहून घ्या. काढलेले भाग परत हवेत हे आधीच सांगा. चाकाचे नट शेवटी टॉर्क रेंचने आवळायला सांगा. छोट्या हॅचबॅकना साधारण ८५ ते १०० न्यूटन-मीटर, नेमका आकडा मॅन्युअलमधला. हवेच्या गनने वेडेवाकडे आवळलेले नट हेही थरथरीचं एक कारण.

## ८. काम झाल्यावर

पॅड बदलल्यावर पहिला दाब रिकामा जातो, कारण पिस्टन आत ढकललेले असतात. म्हणून गाडी जागची हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत दाबा. पार्किंगची भिंत ही चाचणीची जागा नाही.

नंतर ५० च्या वेगावरून १० पर्यंत मध्यम दाबाने ८–१० वेळा वेग कमी करा, मध्ये अर्धा मिनिट चालू द्या, पूर्ण थांबू नका. पहिले २००–३०० किलोमीटर घाट आणि करकचून ब्रेक टाळा. दुसऱ्या दिवशी पातळी आणि चाकांच्या आतली बाजू पुन्हा बघा.

## ९. घाट उतरताना

पुण्यातून कुठेही निघालात तरी उतार आहेच : बोरघाट, ताम्हिणी, वरंध, खंबाटकी, दिवे घाट. आणि गावातच, नव्या कात्रज बोगद्याकडून नवले पुलाकडे येणारा. पेट्रोल वाचवायला तिथे न्यूट्रल करणारे भरपूर. न्यूट्रलमध्ये इंजिनाचा रोध जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. चावी फिरवून इंजिन बंद केलं तर बूस्टरमध्ये दोन-तीन दाबांपुरताच व्हॅक्यूम उरतो, मग पेडल दगड. ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. पाय पेडलवर सतत ठेवू नका, दाबा आणि सोडा.

पेडल मऊ वाटू लागलं तर पहिल्या सुरक्षित जागी थांबून अर्धा तास थंड होऊ द्या. डिस्कवर पाणी ओतू नका, तडकते. पेडल गेलंच तर : झपाझप दाबत राहा, एकेक गिअर खाली आणा, हॅझार्ड दिवे लावा, हँडब्रेक बटण दाबून धरून हळूहळू ओढा. झटक्याने ओढला तर मागची चाकं घसरतात. इंजिन बंद करायचं नाही.

## १०. १५ वर्षं पूर्ण होत असतील तर

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, नंतर ती ५–५ वर्षांनी नूतनीकरण करावी लागते. मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत फॉर्म २५ भरायचा. परिवहनच्या संकेतस्थळावरून अर्ज आणि वेळ घेता येते. एमएच १२ पुण्याचा, एमएच १४ पिंपरी-चिंचवडचा. मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, पर्यावरण कराची पावती, पॅन किंवा फॉर्म ६०, चॅसिस क्रमांकाचा पेन्सिलने घेतलेला छाप हे जवळ ठेवा. शुल्क बदलतं, त्या दिवशीचा आकडा संकेतस्थळावरच बघा. तपासणीत ब्रेकही बघितले जातात, म्हणून ब्रेकचं काम तारखेच्या निदान दोन आठवडे आधी उरका. नवे पॅड-लायनर तोवर बसलेले असतात, आणि काही राहिलं असेल तर दुरुस्तीला वेळ असतो.

## ११. गाडी उभी राहणार असेल तर

महिनाभर गाडी हलणार नसेल तर सपाट पार्किंगमध्ये हँडब्रेक ओढून ठेवू नका. पावसाळ्यात लायनर ड्रमला चिकटतात आणि पहिल्या दिवशी गाडी ओढताना अस्तर लोखंडावरून सुटून येतं. पहिला गिअर टाका, पुढच्या-मागच्या चाकांना ठोकळे लावा. उतारावर मात्र हँडब्रेक हवाच.

धुऊन लगेच उभी करू नका. आधी सोसायटीभोवती एक फेरी मारून तीन-चारदा हलका ब्रेक दाबा, म्हणजे डिस्क आणि ड्रम कोरडे होतील. तेच पाण्याच्या डबक्यातून बाहेर आल्यावर. आणि आठवड्यातून एकदा गाडी चालवायचीच असेल, तर जागेवर इंजिन घुरघुरवून भागणार नाही. निदान ५–६ किलोमीटर फिरवा आणि वाटेत ब्रेक व्यवस्थित दाबा, नाहीतर कॅलिपरचे पिस्टन जागच्या जागी गंजत राहतात.